रेघ कुठे मारायची? इंग्रजी वाक्यातले उद्देश्य आणि विधेय ओळखताना

सहावीतल्या एका मुलाने वही माझ्यापुढे ठेवली. वाक्य होतं, "द लेटर वॉज रिटन बाय माय अंकल." सब्जेक्टखाली रेघ मारा, असा प्रश्न. त्याने "माय अंकल" खाली पट्टी लावून नीट रेघ मारली होती आणि शाळेतून तिच्यावर लाल फुली आली होती. फुलीशेजारी कारण काही लिहिलेलं नव्हतं. "काकू, पत्र काकांनीच लिहिलंय ना? मग सब्जेक्ट काकाच की," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. पोराने अंदाजपंचे उत्तर दिलेलं नव्हतं. मराठीच्या तासाला जे शिकवलं तेच त्याने इथे लावलं होतं: क्रिया करतो तो कर्ता.

मी बडोद्यात दांडिया बाजारात घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. दुपारी शाळेची मुलं असतात, संध्याकाळी मोठी माणसं. कुणाची मुलाखत आहे, कुणाला आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देऊन कॅनडाला जायचंय. आमच्याकडे घरात मराठी, जिना उतरला की गुजराती आणि टीव्हीवर हिंदी. इंग्रजी येते ती चौथी, आणि तोवर आधीच्या तिघींनी आपल्या कानाला सवयी लावून ठेवलेल्या असतात. इंग्रजीचं व्याकरण शिकवणारी बहुतेक पुस्तकं या सवयींचा विचार करत नाहीत. म्हणून हा लेख मराठी कानाला धरून लिहिते आहे.

सगळ्या लेखात मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती आधीच सांगते. इंग्रजीतला सब्जेक्ट म्हणजे काम करणारा माणूस, ही समजूत डोक्यातून काढून टाका. सब्जेक्ट ठरतो तो क्रियापदाशी असलेल्या नात्यावरून आणि वाक्यातल्या जागेवरून. काम कुणी केलं हा वेगळा प्रश्न आहे.

नावं आणि रेघ

मराठीत आपण वाक्यपृथक्करण करतो तेव्हा वाक्याचे दोन विभाग पाडतो. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे बोललं ते विधेय. "विश्वामित्रीतल्या मगरी / पावसाळ्यात रस्त्यावर येतात." विश्वामित्री ही आमच्या बडोद्याची नदी. मधली तिरकी रेघ म्हणजे दोन विभागांची हद्द. इंग्रजीत उद्देश्याला सब्जेक्ट म्हणतात आणि विधेयाला प्रेडिकेट. "द क्रोकोडाइल्स ऑफ द विश्वामित्री / कम आउट ऑन द रोड्स इन द मॉन्सून." रेघेच्या डावीकडचं सगळं सब्जेक्ट, उजवीकडचं सगळं प्रेडिकेट. क्रियापद नेहमी प्रेडिकेटमध्ये असतं.

बहुतेक साध्या वाक्यांत ही रेघ क्रियापदाच्या अगदी आधी पडते. तेव्हा पहिलं काम म्हणजे क्रियापद शोधणं. सब्जेक्ट नंतर. मुलं नेमकी उलटीकडून सुरुवात करतात, वाक्याचा पहिला शब्द दिसला की त्याच्याखाली पेन्सिल टेकवतात. पेन्सिल उचला.

पायरी पहिली: क्रियापद पकडा

"क्रिया दाखवतो तो शब्द" ही व्याख्या इथे फारशी कामाची नाही. "इज"मध्ये कसली आली क्रिया? त्यापेक्षा काळ बदलून पाहा. "माय सिस्टर कुक्स सेव-उसळ ऑन संडेज." याच्यापुढे मनातल्या मनात "यस्टर्डे" लावा: "कुक्ड" होईल. "टुमॉरो" लावा: "विल कुक" होईल. "सिस्टर" जागची हलली नाही, "सेव-उसळ" हलली नाही, हलला तो एकच शब्द. तेच क्रियापद.

ही युक्ती अवघड वाक्यात खरी उपयोगी पडते. "द बॉय सेलिंग बलून्स नीअर सुरसागर नोज गुजराती." सुरसागर म्हणजे आमच्या गावातला तलाव. इथे दोन शब्द क्रियापदासारखे दिसतात, "सेलिंग" आणि "नोज". काळ मागे न्या: "द बॉय सेलिंग बलून्स नीअर सुरसागर न्यू गुजराती." "सेलिंग" तसाच राहिला, "नोज"चा "न्यू" झाला. म्हणजे वाक्य चालवणारं क्रियापद "नोज". "सेलिंग बलून्स" हे त्या मुलाचं वर्णन आहे, आपल्या "फुगे विकणारा" सारखं. तसंच "आय वाँट टू लर्न इंग्लिश" मध्ये "वाँट"चा "वाँटेड" होतो, "टू लर्न" हलत नाही.

क्रियापद दोन-तीन-चार शब्दांचं असू शकतं. "हॅज बीन वेटिंग", "विल बी सेंट", "वॉज रिटन". ही सगळी साखळी एकत्र धरायची. मधे "नॉट" किंवा "ऑल्वेज" घुसला असेल तर तो साखळीचा भाग नाही, पण प्रेडिकेटमध्येच राहतो.

पायरी दुसरी: प्रश्न विचारा, पण इंग्रजीतच

क्रियापद सापडलं की त्याच्याआधी "हू" किंवा "व्हॉट" लावून विचारायचं. "हू कुक्स?" उत्तर "माय सिस्टर." "हू नोज?" उत्तर "द बॉय सेलिंग बलून्स नीअर सुरसागर." झालं.

हा प्रश्न मराठीत विचारायचा नाही, हे मी वर्गात दहादा सांगते. त्या मुलाची चूक इथेच झाली होती. "द लेटर वॉज रिटन बाय माय अंकल" वाचून त्याने मनात विचारलं, "कोणी लिहिलं?" मराठीने उत्तर दिलं, "काकांनी." मराठीचं काही चुकलं नाही, विचारलं त्याचंच उत्तर तिने दिलं. आता क्रियापदाची साखळी जशीच्या तशी उचलून इंग्रजीत विचारा: "व्हॉट वॉज रिटन?" उत्तर एकच निघतं, "द लेटर." सब्जेक्ट "द लेटर", आणि "बाय माय अंकल" रेघेच्या उजवीकडे, प्रेडिकेटमध्ये.

मी त्याला हे विचारायला लावलं तेव्हा तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "पण काकू, लेटर काहीच करत नाहीये." बरोबर. लेटर काहीच करत नाहीये, तरी सब्जेक्ट तेच आहे. शंका घ्यायची जागा त्याने अचूक धरली होती. मी त्याला म्हटलं, "काका एक असोत की पाच असोत, 'वॉज' बदलेल का?" त्याने करून पाहिलं: "द लेटर वॉज रिटन बाय माय अंकल्स." बदललं नाही. "आणि पत्रं दोन झाली तर?" "द लेटर्स वर रिटन..." तो मधेच थांबला आणि त्याने स्वतःच "द लेटर" खाली रेघ मारली. क्रियापद ज्याच्या आकड्याप्रमाणे बदलतं तो सब्जेक्ट. ही कसोटी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

पायरी तिसरी: सब्जेक्ट कुठपर्यंत जातो?

सब्जेक्ट एकाच शब्दाचा असतो असं समजून मुलं "द बॉय"वर थांबतात. हद्द नक्की करायला दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे अख्खा तुकडा काढून तिथे "ही, शी, इट, दे" यांपैकी एक शब्द बसवायचा. "ही नोज गुजराती." ठीक लागलं. मग "ही"ने जेवढं गिळलं तेवढा सब्जेक्ट, म्हणजे "द बॉय सेलिंग बलून्स नीअर सुरसागर" एवढा पूर्ण. फक्त "द बॉय"च्या जागी "ही" ठेवलं तर "ही सेलिंग बलून्स नीअर सुरसागर नोज गुजराती" असं अडखळतं. म्हणजे हद्द चुकली.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. वाक्याचा हो-नाहीचा प्रश्न करायचा. "द ओल्ड मॅन ॲट द गेट इज स्लीपिंग." प्रश्न करा: "इज द ओल्ड मॅन ॲट द गेट स्लीपिंग?" "इज" उडी मारून पुढे आला. ज्याच्या डोक्यावरून त्याने उडी मारली तो सगळा तुकडा सब्जेक्ट. "इज"सारखा मदतनीस शब्द वाक्यात नसेल तर "डू, डझ, डिड" आणायचे: "डझ द बॉय सेलिंग बलून्स नीअर सुरसागर नो गुजराती?" "डझ" आणि "नो" यांच्यामधे जे अडकलं तो सब्जेक्ट. हद्द आपोआप आखली जाते.

पायरी चौथी: तुकड्यातला मुख्य शब्द

पूर्ण सब्जेक्ट मिळाला. आता त्यातला कणा शोधायचा, कारण क्रियापद एकवचनी की अनेकवचनी हे तोच ठरवतो. इथे मराठी माणूस का घसरतो त्याला खास कारण आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

आमच्या गावात राजा रवि वर्म्याची चित्रं आहेत, महाराजा फतेसिंह संग्रहालयात. समजा लिहायचंय की "रवि वर्म्याच्या चित्रांचा संग्रह इथे आहे." मराठीत वर्णन आधी येतं आणि मुख्य शब्द शेवटी: रवि वर्म्याच्या, चित्रांचा, आणि मग संग्रह. इंग्रजीत हे पार उलटं होतं: "अ कलेक्शन ऑफ पेंटिंग्ज बाय रवि वर्मा." मुख्य शब्द पुढे, शेपूट मागे. आपला कान क्रियापदाजवळच्या शब्दाला मुख्य समजतो. म्हणून "पेंटिंग्ज" ऐकला की मुलं "आर" लिहितात. बरोबर आहे "अ कलेक्शन ऑफ पेंटिंग्ज बाय रवि वर्मा / इज इन द म्युझियम." आणि संग्रहाऐवजी चित्रांबद्दलच बोलायचं असेल तर "द पेंटिंग्ज ऑफ रवि वर्मा / आर इन द म्युझियम."

उपाय साधा आहे. "ऑफ, इन, ॲट, विथ, नीअर, बाय" असा शब्द दिसला की तिथून पुढचं शेपूट बोटाने झाका. "वन ऑफ माय फ्रेंड्स" झाकलं की उरलं "वन". मग "वन लिव्ह्ज इन टोरंटो", "लिव्ह" नाही. "द प्राइस ऑफ व्हेजिटेबल्स" झाकलं की उरलं "द प्राइस", म्हणून "हॅज गॉन अप". माझ्याकडची मुलं खरोखर बोट ठेवून वाचतात. मोठी माणसं लाजतात, पण त्यांनीही ठेवावं.

नावाच्या मागे स्वल्पविरामात ओळख दिलेली असेल तर तीही शेपटासारखीच. "चिमणाबाई, द वाइफ ऑफ सयाजीराव, / वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट ऑफ द ऑल इंडिया विमेन्स कॉन्फरन्स." ही परिषद १९२७ सालची. दोन स्वल्पविरामांतला मजकूर पूर्ण सब्जेक्टमध्ये मोजतात, पण कणा "चिमणाबाई" हाच.

मराठी कान कुठे फसतो

इथपर्यंतच्या पायऱ्या कुठल्याही मुलाला सांगता येतील. आता खास आपल्या अडचणी.

"मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी आंबे खाल्ले." क्रियापद कुणाच्या मागे धावतंय पाहा. "मी" तसाच आहे, पण आंबा, पोळी, आंबे बदलले की क्रियापद बदलतं. गुजरातीतही तेच: "में रोटलो खाधो, में केरी खाधी." म्हणजे बडोद्यातलं मूल सकाळपासून रात्रीपर्यंत दोन भाषांत ऐकत असतं की भूतकाळात क्रियापद खाल्लेल्या वस्तूशी जुळतं. इंग्रजीत असं कधीही होत नाही. "ही ईट्स अ मँगो, ही ईट्स टेन मँगोज." आंबे दहा झाले तरी "ईट्स" जागचं हलत नाही. खाणारे दोन झाले की हलतं: "दे ईट." इंग्रजी क्रियापद फक्त सब्जेक्टकडे पाहतं, समोरच्या ताटाकडे पाहत नाही.

दुसरी अडचण "मला"ची. मला आंबा आवडतो, मला भूक लागली, मला ताप आला, मला दोन मुलं आहेत. यातल्या एकाही वाक्यात क्रियापद "मला"शी जुळत नाही. आवडतो तो आंबा, लागली ती भूक, आला तो ताप, आहेत ती मुलं. आपल्या भाषेत मी बाजूला बसून असतो आणि गोष्टी माझ्याकडे येतात. इंग्रजीत या चारही ठिकाणी सब्जेक्ट "आय": "आय लाइक मँगोज, आय ॲम हंग्री, आय हॅव फीव्हर, आय हॅव टू चिल्ड्रन." म्हणून "फीव्हर हॅज कम टू मी" असं काही तोंडून निघालं तर समजा की मराठी वाक्याचं उद्देश्य इंग्रजीत तसंच उचलून ठेवलं गेलंय.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेले. "आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली गेली." इथे "आंबेडकरांना" हे उद्देश्य होऊ शकत नाही, दिली गेली ती शिष्यवृत्ती. पण इंग्रजीत असंही म्हणतात: "आंबेडकर / वॉज गिव्हन अ स्कॉलरशिप बाय द महाराजा." ज्यांना मिळालं तेच सब्जेक्ट. देणारे महाराज "बाय"च्या मागे प्रेडिकेटमध्ये, आणि स्कॉलरशिपही प्रेडिकेटमध्येच. "हू वॉज गिव्हन?" असा प्रश्न इंग्रजीत विचारला की गोंधळ उरत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत खोल आहे. संध्याकाळच्या वर्गात एक काकू येतात, आयेल्ट्सची तयारी करतात, टोरंटोतल्या मुलाकडे जायचंय. त्यांनी निबंधात लिहिलं होतं, "इज व्हेरी कोल्ड इन टोरंटो." मी म्हटलं, सब्जेक्ट कुठेय? त्या म्हणाल्या, "अहो ताई, थंडी कोण करतं? कोणीच नाही." त्या दिवशी मला नीट समजावता आलं नाही. वर्ग संपला, त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "येते हं." मी तिथेच त्यांना थांबवलं. "कोण येतं?" "म्हणजे? मी!" "मग 'मी' म्हणालात कुठे?" दारात उभ्या राहून आम्ही दोघींनी ते एक वाक्य पाच मिनिटं उलटंपालटं केलं. मराठीत "येते" या एका शब्दात मी आहे, मी बाई आहे, हेही आहे. "येतो", "आलोच", "जाऊ का?" यांत उद्देश्य क्रियापदाच्या पोटात जाऊन बसतं. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात एवढी जागा नाही. "कम" कुणाचंही असू शकतं. म्हणून इंग्रजीत सब्जेक्टची खुर्ची सहसा रिकामी ठेवता येत नाही. आणि बसायला कुणीच नसेल तर "इट"ला बसवतात. "इट इज कोल्ड. इट इज रेनिंग. इट इज मंडे. इट इज टेन ओ'क्लॉक." या "इट"ला अर्थ शोधत बसू नका, ते जागा धरून बसलंय. पण जागा धरली म्हणून सब्जेक्ट तेच. रेघ त्याच्यानंतर: "इट / इज व्हेरी कोल्ड इन टोरंटो."

त्याच काकूंनी पुढच्या निबंधात उलट टोक गाठलं: "माय सन ही वर्क्स इन अ बँक." आता एका खुर्चीवर दोघे बसले. बोलताना आपण "माझा मुलगा ना, तो बँकेत आहे" असं म्हणतोच, म्हणून हे सहज होतं. "माय सन" किंवा "ही", एकच ठेवायचा.

सब्जेक्ट क्रियापदाच्या आधी नसेल तेव्हा

हुकूम किंवा विनंती असेल तर सब्जेक्ट दिसत नाही. "क्लोज द डोर." ज्याला सांगितलं तो "यू" गृहीत धरायचा. खुर्ची रिकामी ठेवायची मुभा इंग्रजी मुख्यतः इथे देते.

प्रश्नांत सब्जेक्ट मदतनीस शब्दाच्या मागे जातो, हे वर आलंच. "व्हेअर डझ युअर ब्रदर वर्क?" याचं साधं वाक्य करा: "युअर ब्रदर वर्क्स समव्हेअर." सब्जेक्ट "युअर ब्रदर". मात्र "हू ब्रोक द कप?" मध्ये "हू" हाच सब्जेक्ट आहे, शोधायला कुठे जायला नको.

"देअर" ने सुरू होणारी वाक्यं: "देअर आर मेनी बनयन ट्रीज इन वडोदरा." शाळेत "मेनी बनयन ट्रीज" हा सब्जेक्ट धरतात, आणि आकड्याची कसोटीही तेच सांगते. झाड एकच असतं तर "देअर इज" झालं असतं. या रचनेचं मराठी केलं की "देअर"साठी शब्दच सापडत नाही, तो गळून पडतो: "बडोद्यात पुष्कळ वड आहेत."

कधीकधी जागेचं वर्णन आधी येतं आणि सगळं वाक्य उलटं होतं. "इन द मिडल ऑफ सुरसागर स्टँड्स अ स्टॅच्यू ऑफ शिव." पहिला तुकडा "इन"ने सुरू होतो, आणि "इन"ने सुरू झालेला असा तुकडा सहसा सब्जेक्ट होत नाही. "व्हॉट स्टँड्स?" "अ स्टॅच्यू ऑफ शिव." सुरसागर तिथे असला तरी उभा आहे तो महादेव.

वेळ आधी आली तर इतकी उलथापालथ होत नाही, पण रेघेचा प्रश्न पडतो. "इन १८९० द लक्ष्मी विलास पॅलेस वॉज कम्प्लीटेड." सब्जेक्ट "द लक्ष्मी विलास पॅलेस". मग पुढे आलेलं "इन १८९०" कुणाचं? ते प्रेडिकेटचं. वाक्य सरळ करून पाहा: "द लक्ष्मी विलास पॅलेस / वॉज कम्प्लीटेड इन १८९०." परीक्षेत दोन रकाने करायला सांगितले तर "इन १८९०" प्रेडिकेटच्या रकान्यात लिहा. मुलं डावीकडे दिसलं म्हणून डाव्या रकान्यात लिहितात आणि गुण जातात.

जोड्या आणि लांबलचक सब्जेक्ट

"सयाजीराव अँड चिमणाबाई / ट्रॅव्हल्ड टू मेनी कंट्रीज." दोन नावं, एक सब्जेक्ट, क्रियापद अनेकवचनी. तसंच एका सब्जेक्टला दोन क्रियापदं असू शकतात: "द विश्वामित्री / राइजेस इन द पावागढ हिल्स अँड फ्लोज थ्रू वडोदरा." इथे रेघ एकच, "फ्लोज"च्या आधी दुसरी मारायची नाही. पण "अँड"नंतर नवा सब्जेक्ट आला तर ते दुसरं वाक्य जोडलेलं असतं, तिथे रेघ पुन्हा मारायची.

सब्जेक्ट अख्खी कृतीही असू शकते. "वॉकिंग टू मांडवी इन मे / इज टायरिंग." "व्हॉट इज टायरिंग?" विचारलं की उत्तर सरळ येतं. "व्हॉट शी सेड / वॉज ट्रू" हेही तसंच. सुरुवातीला एवढं पुरे.

आता तुम्ही

खालची वाक्यं वहीत उतरवून घ्या, दोन रंगांची पेनं घ्या, एकाने क्रियापद आणि दुसऱ्याने सब्जेक्ट. उत्तरं लगेच वाचू नका.

"द टेस्ट ऑफ दीज भाकरवडीज रिमाइंड्स मी ऑफ माय आजी."
"इन १९०६ सयाजीराव मेड प्रायमरी एज्युकेशन कंपल्सरी इन द होल स्टेट."
"इज युअर ऑफिस नीअर न्याय मंदिर?"
"इट वॉज गेटिंग लेट, अँड द लास्ट बस हॅड गॉन."
"अंडर द बनयन ट्री सॅट टू ओल्ड विमेन विथ अंब्रेलाज."

पहिल्यात क्रियापद "रिमाइंड्स", सब्जेक्ट "द टेस्ट ऑफ दीज भाकरवडीज", कणा "टेस्ट". भाकरवड्या कितीही असोत, चव एकच, म्हणून शेवटी "स" आला. दुसऱ्यात सब्जेक्ट "सयाजीराव", आणि "इन १९०६" प्रेडिकेटमध्ये. तिसऱ्याचं सरळ वाक्य "युअर ऑफिस इज नीअर न्याय मंदिर", सब्जेक्ट "युअर ऑफिस". चौथ्यात दोन रेघा: "इट / वॉज गेटिंग लेट" आणि "द लास्ट बस / हॅड गॉन".

पाचव्यावर माझ्या वर्गात दर वेळी वाद होतो. क्रियापद "सॅट" हे सगळ्यांना सापडतं. पण "सॅट" भूतकाळात एकासाठीही तेच आणि अनेकांसाठीही तेच, त्यामुळे आकड्याची कसोटी लागत नाही आणि कुणीतरी "द बनयन ट्री" म्हणतंच. अशा वेळी वाक्य वर्तमानकाळात आणा. सब्जेक्ट झाड असतं तर "सिट्स" आलं असतं. पण इथे म्हणावं लागतं, "अंडर द बनयन ट्री सिट टू ओल्ड विमेन विथ अंब्रेलाज." "सिट"ला "स" लागला नाही, म्हणजे ते दोघींसाठी आहे. दुसऱ्या रंगाचं पेन उचला आणि "टू ओल्ड विमेन विथ अंब्रेलाज" खाली, छत्र्यांसकट, रेघ मारा.